बाळाच्या गुदाशयाची बायोप्सी सांगितली आहे? बेळगाव सीमाभागातल्या घरच्यांसाठी

मी डॉक्टर नाही. खानापूर तालुक्यात माझं किराणा दुकान आहे. ताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती आणि दाजी गोव्यात कामाला होते, म्हणून भाच्याच्या दवाखान्याची सगळी धावपळ माझ्याकडे आली. त्याला जन्मतःच आतड्याचा हिर्शस्प्रंग नावाचा आजार होता. एका आठवड्यात होऊ शकणाऱ्या निदानाला आमच्या हातून तीन आठवडे लागले. त्यानंतर आमच्या भागातल्या चार घरांबरोबर मी दवाखान्यात जाऊन आलो. चारही घरं त्याच त्याच ठिकाणी अडखळली, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. उपचाराचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच. मी लिहितो ते त्यांच्याशी नीट बोलता यावं आणि कामात खोळंबा होऊ नये एवढ्यासाठी.

एक गोष्ट आधीच सांगतो. 'तुकडा काढून तपासायचा आहे' हे ऐकलं की आपल्याकडे सगळ्यांच्या तोंडी कॅन्सर येतो. आमच्या घरात त्या रात्री चूल पेटली नाही. या बायोप्सीचा कॅन्सरशी संबंध नाही. हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना त्याच दिवशी सांगून टाका.

१. आजार काय आहे ते समजून घ्या

आतड्याच्या भिंतीत मज्जापेशींचे छोटे छोटे पुंजके असतात. त्यांना गँग्लिऑन पेशी म्हणतात. आतड्याने कधी आवळायचं आणि कधी सैल व्हायचं, हे त्या ठरवतात. बाळ पोटात असताना, साधारण पाचव्या ते बाराव्या आठवड्यात, या पेशी आतड्याच्या वरच्या टोकाकडून खाली गुदाशयापर्यंत सरकत येतात. काही बाळांत त्या वाटेतच थांबतात. त्या जिथं थांबल्या तिथून खालचं आतडं कायम आवळलेलं राहतं, आणि त्याच्या वर शी आणि वायू तुंबून पोट फुगतं.

एक्स-रेमध्ये फुगलेलं आतडं बघून आपल्याला वाटतं, बिघाड तिथंच आहे. खरा बिघाड त्याच्या खालच्या अरुंद भागात असतो. डेन्मार्कच्या हाराल्ड हिर्शस्प्रंग या बालरोगतज्ज्ञांनी १८८६ मध्ये अशा दोन बाळांची हकिगत मांडली. पण दोष खालच्या भागात आहे हे ओळखून तो भाग काढून टाकण्याचं ऑपरेशन रूढ व्हायला १९४८ साल उजाडलं. डॉक्टर तुकडा फुगलेल्या पोटातून न घेता गुदद्वाराच्या आतून घेतात, त्याचं कारण हेच.

साधारण ५००० जन्मांमागे एका बाळाला हा आजार असतो. मुलांत तो मुलींच्या चौपट आढळतो. दहापैकी आठ बाळांत फक्त गुदाशय आणि त्याच्या लगतचा थोडा भागच बाधित असतो. आईने डोहाळ्यात काय खाल्लं, ग्रहणात काय चिरलं, याच्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही. ताईला हे प्रश्न विचारले गेले. ओल्या बाळंतिणीला तेवढे तरी सोसायला लावू नका.

२. कोणत्या खुणा दिसल्या तर वाट बघायची नाही

पूर्ण दिवसांचं निरोगी बाळ पहिली काळी-हिरवी, चिकट शी बहुतेक वेळा २४ तासांत करतं. ४८ तास उलटले तरी शी नाही, पोट ताठ होत चाललं आहे आणि बाळ हिरवी उलटी करतं आहे, तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञाकडे न्या. 'दोन दिवसांनी बघू' म्हणू नका.

आमच्याकडे काय झालं ते सांगतो. तिसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंनी विड्याच्या पानाचा देठ एरंडेलात बुडवून बाळाला लावला. पिचकारी उडावी तशी शी आणि वारा बाहेर आला, पोट उतरलं, आणि घरात सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. दोन दिवसांनी पोट पुन्हा तसंच फुगलं. पुन्हा देठ. पुढं डॉक्टरांनी सांगितलं, की गुदद्वारात काही घातल्यावर अशी शी एकदम उसळून येणं हीच या आजाराची एक खूण आहे. म्हणजे ज्याला आम्ही उतार समजत होतो, ते लक्षण होतं. देठ, साबणाची काडी, घुटी यांत आमचे नऊ दिवस गेले, शिवाय आतल्या नाजूक कातडीला इजा होण्याचा धोका होता तो वेगळाच.

उलट बाजूही सांगायला हवी. फक्त अंगावर पिणारं, महिन्याभराचं झालेलं बाळ चार-सहा दिवस शी न करता मजेत राहू शकतं. त्याचं पोट मऊ असेल, वजन वाढत असेल आणि जन्मानंतरची पहिली शी वेळेवर झाली असेल तर घाबरायचं कारण सहसा नसतं. म्हणून डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतात: पहिली शी कितव्या तासाला झाली? तारीख-वेळ लिहून ठेवा.

३. कुठं जायचं

या कामाला नुसता दवाखाना पुरत नाही. लहान मुलांचे सर्जन आणि पेशींची तपासणी करणारी लॅब, दोन्ही लागतात. बेळगावात सिव्हिल म्हणजे बिम्स आणि नेहरूनगरचं केएलईचं प्रभाकर कोरे हॉस्पिटल ही मोठी ठिकाणं. निपाणीकडच्या लोकांना कोल्हापूर जवळ पडतं, तिथं सीपीआर हे सरकारी रुग्णालय आहे. लोंढा, अळणावरकडचे लोक हुबळीला जातात आणि कणकुंबी-जांबोटीकडचे काही जण गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात.

निघण्याआधी फोन करून दोनच गोष्टी विचारा. लहान मुलांचे सर्जन कोणत्या वारी असतात? आणि 'कॅलरेटिनिन' तपासणी (तुकडा एका खास रंगाने रंगवून बघायची, पुढं सांगतो) तुमच्याच लॅबमध्ये होते की बाहेर पाठवता? बाहेर पाठवत असतील तर रिपोर्टला किती दिवस जास्त लागतील तेही विचारून घ्या.

४. बरोबर काय न्यायचं

- तायी कार्ड (कर्नाटकात गरोदर बाईला मिळणारं नोंदींचं कार्ड) आणि बाळंतपणाचं डिस्चार्ज कार्ड. जन्माचं वजन, किती आठवड्यांचं बाळ, जन्मल्यावर व्हिटॅमिन के चं इंजेक्शन दिलं की नाही, हे त्यात असतं.
- आई आणि वडील दोघांचे आधार कार्ड, रेशन कार्ड, बाळाचा जन्मदाखला किंवा निदान दवाखान्याची जन्माची पावती.
- आधीचे सगळे एक्स-रे, सोनोग्राफी, रक्ताचे रिपोर्ट. मूळ प्रत आपल्याकडे, झेरॉक्स त्यांना.
- सरकारी दवाखान्याचं रेफरल पत्र.
- एक वही. कितीदा शी, कितीदा उलटी, पोटाचा घेर, दूध किती घेतलं.

रेफरल पत्राचं सांगतो. आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल रेशन कार्डावर कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. पण तातडीची वेळ सोडली तर खासगी दवाखान्यात जाण्यासाठी सरकारी दवाखान्याचं पत्र लागतं. आम्ही ते न घेताच थेट गेलो आणि काउंटरवरून परत खानापूरला यावं लागलं. चंदगड, गडहिंग्लजच्या लोकांसाठी महाराष्ट्राची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. सीमाभागातल्या ८६५ गावांसाठीही ती २०२३ मध्ये जाहीर झाली. कोल्हापूरकडे जाणार असाल तर कोणते दाखले लागतील ते आधी तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे दवाखान्यात योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला, विचारा, मगच गाडी करा. बायोप्सी ऑपरेशनच्या पॅकेजमध्ये धरतात की तिचे पैसे वेगळे, हेही विचारा. कॅलरेटिनिन साध्या तपासणीपेक्षा महाग असतं.

आणि सही. मी मामा, सगळीकडे मी धावत होतो, पण संमतीपत्रावर माझी सही चालली नाही. सही आई-वडिलांचीच लागते. दाजींना गोव्याहून यायला एक दिवस लागला आणि ती तारीख हुकली. पत्र कन्नड किंवा इंग्रजीत असतं, कन्नडमध्ये त्याला 'ओप्पिगे पत्र' म्हणतात. वाचता येत नसेल तर मराठीत समजावून सांगा असं स्पष्ट म्हणा. बेळगावात मराठी बोलणारे कुणीतरी भेटतातच. घाईघाईत अंगठा उठवू नका.

५. बायोप्सीच्या आधी

आधी एक्स-रे होतो, मग गुदद्वारातून औषध सोडून घेतलेला एक्स-रे. त्यात अरुंद भाग कुठं संपतो आणि फुगलेला कुठं सुरू होतो ते दिसतं. या तपासणीच्या आधी कुणी एनिमा दिला असेल किंवा देठ लावला असेल तर लाजू नका, सांगा. पोट मोकळं झालं की तो फरक पुसट होतो. तुकडा काढल्यानंतर काही दिवस हा एक्स-रे टाळतात, त्यामुळे आधी तो आणि मग बायोप्सी असाच क्रम असतो. काही ठिकाणी गुदाशयाचा दाब मोजण्याचीही तपासणी करतात. या सगळ्यातून संशय बळावतो, पण पक्कं उत्तर तुकड्यातूनच मिळतं.

६. तुकडा काढण्याचा दिवस

लहान बाळाला बहुतेक वेळा भूल द्यावी लागत नाही. एक बारीक नळी असते, तिला टोकाजवळ बाजूला एक भोक. हवा खेचली की आतलं अस्तर त्या भोकात ओढलं जातं आणि आतलं पातं तेवढाच भाग कापतं. गुदद्वाराच्या थोडं वर कापल्याची वेदना पोहोचवणाऱ्या नसा नसतात, म्हणून बाळ रडतं ते धरून ठेवल्याचं. वर्षाच्या पुढच्या मुलांचं अस्तर जाड असतं, त्यांना बऱ्याचदा भूल देऊन तुकडा घेतात.

इथं तीन गोष्टी जुळून याव्या लागतात: जागा, खोली आणि संख्या.

जागा अशी की गुदद्वाराच्या आत जिथं बाहेरची कातडी संपून आतलं अस्तर सुरू होतं, त्या रेषेपासून साधारण २ ते ३ सेंटिमीटर वर. रेषेच्या अगदी जवळ निरोगी बाळातसुद्धा गँग्लिऑन पेशी विरळ असतात, तिथून घेतलेला तुकडा फसवतो. फार वर गेलं तर थोड्याच भागात असलेला आजार निसटतो. खोली अशी की नुसतं वरचं अस्तर येऊन भागत नाही, त्याच्या खालचा थर म्हणजे सबम्यूकोजा भरपूर यायला हवा. पेशी तिथंच असतात. आणि एकाच तुकड्यावर थांबायचं नाही, निदान दोन हवेत.

आमची पहिली बायोप्सी वाया गेली ती यातच. नाव लिहीत नाही. दोन तुकडे घेतले होते. एक इतका खालून आला की त्यात बाहेरच्या कातडीसारखा थर निघाला. दुसऱ्यात सबम्यूकोजा जवळजवळ नव्हताच. सहा दिवस वाट बघून हातात कागद आला, त्यावर 'अपुरा नमुना, पुन्हा पाठवा'. असं चांगल्या हातांकडूनही होऊ शकतं, राग धरण्यात अर्थ नाही. पण आता मी प्रत्येक घराला सांगतो, तुकडा काढून झाला की सर्जनना नम्रपणे विचारा: 'डॉक्टर, किती तुकडे आले? किती सेंटिमीटरवरून?' आणि ते उत्तर लॅबच्या फॉर्मवर लिहिलं आहे ना, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. तुकडा वाटीत उचलल्यावर चांगले सर्जन तो निरखून बघतात आणि पातळ वाटला तर तिथल्या तिथं आणखी एक घेतात.

आधी प्लेटलेट आणि रक्त गोठण्याची तपासणी करतात. नंतर लंगोटाला रक्ताची एखादी रेघ दिसली तर चालतं. रक्त वाहत राहिलं, ताप आला, पोट ताठ झालं तर लगेच परत न्या.

७. बाटली तुमच्या हातात दिली तर

आपल्याकडे अनेक दवाखान्यांत बाटली नातेवाईकांच्याच हातात देतात, 'लॅबमध्ये देऊन या' म्हणतात. तुकडा तांदळाच्या दाण्याएवढा असतो. बाटलीत बघितलं तर तळाशी काहीतरी पांढुरकं दिसतं इतकंच. सगळं निदान त्या दाण्यावर अवलंबून आहे हे लक्षात ठेवून बाटली धरा.

दुसऱ्या वेळी मला बाटली शनिवारी संध्याकाळी मिळाली, लॅब बंद झाली होती. शेजारच्या खाटेवरचे आजोबा म्हणाले, 'अहो, बर्फात ठेवा, नाहीतर नासेल.' मी समोरच्या रसवंतीतून बर्फ आणायला निघालो. दारात सिस्टर भेटल्या, माझ्या हातातली पिशवी बघून 'बेडा, बेडा' म्हणाल्या, म्हणजे नको, आणि बाटली काढून घेऊन कपाटात ठेवली.

त्याचं कारण असं. बाटलीत १० टक्के फॉर्मेलिन असेल तर ते तुकड्याला आहे तसा टिकवतं. ती बाटली साध्या खोलीत, सावलीत ठेवायची. फ्रीज नको, बर्फ नको. सोमवारपर्यंत तुकड्याला काही होत नाही. पण तुमच्या दवाखान्यात 'कोलिनएस्टरेज' नावाची तपासणी करणार असतील तर नियम नेमका उलटा. त्यासाठी तुकडा ताजाच लागतो. सलाईनने ओलसर केलेल्या कापडात, बर्फावर ठेवून, तडक लॅबमध्ये न्यायचा. तिथं तो गोठवतात. फॉर्मेलिनमध्ये पडला की त्या तपासणीसाठी तो गेला. म्हणून बाटली घेताना एकच प्रश्न विचारा: 'यात फॉर्मेलिन आहे का, आणि थंड ठेवायची की नाही?'

बाकी बघायचं ते असं:

- फॉर्मेलिनच्या बाटलीत तुकडा त्यात पूर्ण बुडालेला आहे ना? कधी तो झाकणाला किंवा काचेला वर चिकटून बसतो आणि सुकतो.
- लेबल बाटलीच्या अंगावर हवं, झाकणावर नको. झाकणं बदलतात.
- दोन बाटल्या असतील तर कोणती किती सेंटिमीटरची ते प्रत्येकीवर लिहिलेलं हवं.
- फॉर्मेलिनचा वास डोळ्यांत झोंबतो. बाटली उघडू नका. पिशवीत दुधाच्या बाटलीशेजारी तर मुळीच ठेवू नका.
- लॅबमध्ये दिल्याची पावती आणि नंबर घ्या.

नावाचा घोळ आपल्या भागात फार होतो. बाळाला नाव नसतं, म्हणून बाटलीवर 'बेबी ऑफ' आणि आईचं नाव. आईचं नाव कुठं माहेरचं, कुठं सासरचं. कर्नाटकातल्या कागदावर आडनावाऐवजी नुसतं आद्याक्षर, महाराष्ट्रातल्या कागदावर पूर्ण आडनाव. बारशानंतर दाखल्यावर तिसरंच नाव. अशा वेळी दवाखान्याचा नोंदणी नंबर हाच खरा आधार. तो बाटलीवर, फॉर्मवर आणि रिपोर्टवर एकच आहे का ते ताडून बघा.

८. लॅबमध्ये तुकडा कसा रंगवतात

रिपोर्टला चार-सहा दिवस का लागतात हे मला कळत नव्हतं. दुसऱ्या बायोप्सीच्या वेळी तिथल्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी मला आत बोलावलं. 'मामा, इकडं या, तुम्हाला दाखवते,' म्हणाल्या.

तुकडा आधी फॉर्मेलिनमध्ये मुरतो. मग त्यातलं पाणी अल्कोहोलने काढतात आणि त्यात वितळलेलं मेण मुरवतात. मेणाची वडी थिजली की यंत्रावर तिच्या चकत्या काढतात. चकती ३ ते ५ मायक्रॉन जाडीची, म्हणजे केसाच्याही कित्येक पट बारीक. त्या चकत्या एकमेकींना चिकटून फितीसारख्या बाहेर येतात. मॅडमनी ती फीत कोमट पाण्यावर सोडली, तशी ती दुधावरच्या सायीसारखी पसरली. खालून काच घालून अलगद उचलली. तोवर तिला रंग असा नव्हताच. रंगवल्याशिवाय सूक्ष्मदर्शकातून काही ओळखता येत नाही.

पहिला रंग नेहमीचा, हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिनचा. पेशींची केंद्रकं निळी-जांभळी होतात, बाकी सगळं गुलाबी. यात गँग्लिऑन पेशी शोधतात: मोठी पेशी, गोल केंद्रक आणि त्यात ठळक ठिपका. पण नवजात बाळात या पेशी अजून कोवळ्या आणि लहान असतात, बाकीच्यांत सहज लपतात. मॅडमनी एक वाक्य सांगितलं ते मी विसरलो नाही. पेशी आहे हे सांगायला एकच पेशी दिसली तरी पुरते, नाही हे सांगायला तुकडा संपेपर्यंत चकत्या बघाव्या लागतात. पन्नास, शंभर, कधी जास्त. वेळ लागतो तो तिथं. पेशी नसण्याबरोबरच मज्जातंतूंचे जाडजूड गठ्ठे दिसले तर संशय पक्का होत जातो. आमच्या काचेवर ते फुगलेल्या सुतळीसारखे दिसत होते.

दुसरा रंग कॅलरेटिनिन. हे गँग्लिऑन पेशींत आणि त्यांच्या बारीक तंतूंत असणारं एक प्रथिन. त्याच्यावरच नेमकं जाऊन चिकटणारं द्रव्य चकतीवर सोडतात आणि ते जिथं चिकटलं तिथं तपकिरी रंग उमटवतात. निरोगी आतड्यात वरच्या अस्तरातसुद्धा बारीक तपकिरी तंतू दिसतात. हिर्शस्प्रंगमध्ये पेशी नाहीत, म्हणून ते तंतूही नाहीत, सगळं निळसर रिकामं. तंतू वरच्या थरातही असल्यामुळे तुकडा थोडा पातळ आला तरी या रंगातून बरंच कळतं. शिवाय फॉर्मेलिनमधल्या तुकड्यावरच हे करता येतं.

पण रंगच नीट चढला नसेल तर? हा प्रश्न मी विचारला. मॅडम म्हणाल्या, आतड्यात मास्ट पेशी नावाच्या दुसऱ्या पेशी असतात, त्या आजार असो नसो, या रंगाने तपकिरी होतातच. त्या रंगलेल्या दिसल्या म्हणजे रंगाने काम केलं. शिवाय निरोगी आतड्याची एक चकती शेजारी रंगवतात. मी दोन्ही काचा बघितल्या. निरोगी काचेवर तपकिरी नक्षी होती, हळदीकुंकवाच्या रांगोळीत ठिपके टाकावेत तशी. भाच्याच्या काचेवर निळं मोकळं रान आणि त्यात लांब लांब दोन-चार तपकिरी ठिपके. ते मास्ट पेशींचे. मॅडमना काही बोलावं लागलं नाही.

तिसरी पद्धत कोलिनएस्टरेजची, गोठवलेल्या तुकड्यावरची. ती १९७२ पासून वापरात आहे. बाधित भागात बाहेरून येणारे मज्जातंतू माजलेले असतात आणि त्यांत हे विकर भरपूर असतं, त्यामुळे अस्तरात तपकिरी जाळं उमटतं. पण जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यांत आणि मोठं आतडं सगळंच बाधित असेल तेव्हा हे जाळं फिकं पडू शकतं. म्हणून अगदी लहान बाळात ही एकच तपासणी 'नाही' म्हणाली तर डॉक्टर तेवढ्यावर थांबत नाहीत.

९. रिपोर्ट हातात आल्यावर

सगळ्यात मोठा सापळा इथं आहे. डेंग्यू, कोरोना यांमुळे 'निगेटिव्ह' म्हणजे सुटलो, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलं आहे. या रिपोर्टमध्ये कॅलरेटिनिन निगेटिव्ह म्हणजे आजार आहे. तपकिरी रंग उमटला नाही, असा त्याचा अर्थ. कोलिनएस्टरेजमध्ये उलट, तिथं जाळं दिसणं हे आजाराचं लक्षण.

आमचा रिपोर्ट दाजींच्या वडिलांनी घेतला. इंग्रजीतला 'निगेटिव्ह' हा एक शब्द त्यांनी ओळखला. मी डॉक्टरांकडून बाहेर येईपर्यंत त्यांनी तिघांना फोन केले होते आणि कुंदा, म्हणजे बेळगावची मिठाई, आणायला ते रस्त्यावर पोहोचले होते. त्यांना परत बोलावून समजावून सांगताना मला जे वाटलं ते कुणाच्या वाट्याला येऊ नये. रिपोर्ट सर्जनना दाखवल्याशिवाय घरी कुणाला काही कळवू नका.

वाचताना एवढं शोधा. नमुना पुरेसा होता का, सबम्यूकोजा होता का. गँग्लिऑन पेशी दिसल्या की नाही. मज्जातंतूंचे गठ्ठे जाड आहेत का. कॅलरेटिनिनचं काय, आणि कंट्रोल, म्हणजे रंग नीट चढला हे दाखवणारी निरोगी चकती, ठीक होता का. 'अपुरा' असं लिहिलं असेल तर त्याचा अर्थ आजार आहे असाही नाही आणि नाही असाही नाही. बायोप्सी पुन्हा करायची, बस.

दुसऱ्या ठिकाणी मत घ्यायचं असेल तर बाळाला पुन्हा टोचायची घाई नको. लॅबकडे अर्ज करून काचा आणि मेणाची वडी, म्हणजे स्लाइड आणि ब्लॉक, मागता येतात. वडीतून नव्या चकत्या काढून नव्याने रंगवता येतं. पावती देऊन घ्या, काचा त्यांच्या डबीतच ठेवा. वडी मे महिन्यात गाडीच्या डिकीत किंवा बसच्या खिडकीशी उन्हात ठेवू नका. ते मेणच आहे.

१०. रिपोर्टची वाट बघताना बाळाची काळजी

हे दिवस धोक्याचे असतात. तुंबलेल्या आतड्यात जंतू वाढून एकदम सूज येऊ शकते. ताप, पोट ताठ, घाण वासाची पातळ शी जोरात उडणं, बाळ मलूल, दूध नको. यातलं काही दिसलं तर ते जुलाब समजून घरचं औषध करू नका. रात्र असो की पाऊस, निघा. 'होट्टे उब्बिदे', पोट फुगलंय, एवढं कन्नड पाठ करून ठेवा. ॲम्ब्युलन्सवाल्याला आणि गेटवर तेवढं सांगितलं तरी पुढचं हलतं. १०८ ला फोन करा. जांबोटी घाटाकडची माणसं पावसाळ्यात बेळगावातच कुणा नातेवाईकाकडे राहिली तर बरं.

पोट मोकळं ठेवण्यासाठी डॉक्टर नळीने धुवायला शिकवतात. सिस्टरसमोर दोन वेळा स्वतः करून दाखवा, मगच घरी करा. फक्त सलाईन वापरायचं आणि सांगितलेल्या मापानेच. नळाचं किंवा साबणाचं पाणी चालत नाही. त्याने बाळाच्या रक्तातलं मीठ कमी होऊ शकतं.

११. ऑपरेशनच्या दिवशी पुन्हा तुकडे

ऑपरेशनमध्ये पेशी नसलेला भाग काढून वरचं निरोगी आतडं खाली आणून जोडतात. निरोगी भाग नेमका कुठून सुरू होतो हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. म्हणून बाळ टेबलावर असतानाच तुकडे लॅबमध्ये जातात, गोठवून लगेच रंगवतात आणि उत्तर फोनवर येतं. दार उघडून कुणी डबी घेऊन पळताना दिसलं तर घाबरू नका. आमच्या वेळी तो मुलगा तीन वेळा गेला. तिसऱ्या वेळी पेशी सापडल्या. म्हणून वेळ ठरल्यापेक्षा जास्त लागतो. काही बाळांना आधी पोटावर शीसाठी वाट काढून देतात आणि जोडणी नंतर करतात. ते बाळाच्या तब्येतीवर आणि बाधित भागाच्या लांबीवर ठरतं.

कापलेला सगळा भाग नंतर सावकाश तपासला जातो. वरच्या टोकाला पेशी पुरेशा होत्या का, हे त्या अंतिम रिपोर्टमध्ये असतं. तो बहुतेक वेळा डिस्चार्ज झाल्यानंतर येतो, त्यामुळे फाइलमध्ये आपोआप लागत नाही. टाके बघायला जाल तेव्हा लॅबच्या खिडकीवर नोंदणी नंबर सांगून त्याची प्रत मागून घ्या. पुढं बाळाला पुन्हा बद्धकोष्ठ झाला तर डॉक्टर सगळ्यात आधी तोच कागद मागतात.